बेसबॉल कार्डांचे जुळे, तिळे आणि तोतये : ओळखायचं कसं

"शोहेई ओहतानीचं २०१८ चं रुकी कार्ड घ्यायचंय" असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठलं? रुकी म्हणजे खेळाडूचं पहिल्या वर्षाचं कार्ड, आणि त्या एका वर्षात एकट्या टॉप्स कंपनीनेच त्याची किती कार्डं काढली बघा, मेन सेटच्या सिरीज टूमध्ये नंबर ७००, अपडेटमध्ये यूएस१, क्रोममध्ये १५०, हेरिटेजमध्ये ६०० आणि ते १९६९ च्या डिझाइनवर, शिवाय लिव्हिंग सेट म्हणून जो प्रकार आहे त्यात १९५३ च्या डिझाइनवर. यातल्या प्रत्येकाची पुन्हा रंगीत, चकचकीत, नंबर टाकलेली भावंडं वेगळीच. म्हणजे खेळाडू आजचा, डिझाइन आजोबांच्या काळातलं, आणि नवीन माणूस टेबलासमोर उभा राहून गोंधळून जातो की हे जुनं का नवीन, आणि शेजारी ठेवलेली दोन सेम टू सेम कार्डं एक दोन डॉलरला आणि दुसरं दोनशेला का?

इथे अमेरिकेत आपल्या बऱ्याच मराठी घरांतली पोरं लिटल लीग म्हणजे मुलांचं बेसबॉल खेळतात, तिथून हे कार्डांचं खूळ घरात येतं, आणि मग आई-बाप पण त्यात ओढले जातात (मी त्यातलीच). भारतातूनही आता ऑनलाइन घेणारे लोक दिसतात. तर ज्यांना हे एकसारखं दिसणारं प्रकरण नीट समजून घेऊन जमवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते, कार्डाची पुढची बाजू तुम्हाला आवडण्यासाठी असते, ते नक्की काय आहे हे मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. पैठणी घेताना आपल्या बायका पदर आधी उलटा करून बघतात ना, तसंच इथे, कार्ड हातात आलं की पहिलं ते उलटं करायचं.

आता डिझाइन परत परत का वापरतात ते थोडक्यात. टॉप्सचा पहिला मोठा सेट १९५२ चा, ४०७ कार्डांचा. टॉप्सच्या साय बर्गर नावाच्या माणसाने आपला सहकारी वुडी गेलमनबरोबर ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी किचन टेबलवर बसून त्याचं डिझाइन केलं. त्याच सेटमधलं ३११ नंबरचं मिकी मँटलचं कार्ड २०२२ मध्ये सव्वा कोटी डॉलरच्या वर गेलं, नेमकं सांगायचं तर १ कोटी २६ लाख. गंमत म्हणजे सेटच्या शेवटच्या टप्प्याचा, म्हणजे सिरीजचा, उरलेला माल कुणी घेईना म्हणून १९६० च्या सुमारास तो बार्जवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवला असं बर्गर स्वतः सांगायचे. तर अशा डिझाइनला लोकांच्या मनात जागा आहे आणि कंपनीला ते माहिती आहे. म्हणून २००१ मध्ये टॉप्सने हेरिटेज नावाचा सेट काढला, १९५२ चं डिझाइन आणि आजचे खेळाडू. पुढच्या वर्षी १९५३ चं, त्याच्या पुढच्या वर्षी १९५४ चं, असं दर वर्षी एक एक पाऊल पुढे.

यातून एक सोपा हिशोब मिळतो जो पाठच करून ठेवा: हेरिटेजच्या वर्षातून ४९ वजा करा, डिझाइनचं वर्ष आलं. २०१८ चं हेरिटेज म्हणजे १९६९, २०२४ चं म्हणजे १९७५. दुसरा हिशोब मेन सेटच्या पॅकमध्ये येणाऱ्या जुन्या डिझाइनच्या इन्सर्ट, म्हणजे सेटशिवाय वरून घातलेल्या जादा कार्डांचा, तिथे अलीकडे ३५ वजा करायचे. २०१९ ला १९८४, २०२० ला १९८५, २०२१ ला १९८६, २०२२ ला १९८७, असं चाललंय. पण २०१७ ला तीस वर्षं झाली म्हणून १९८७ चं डिझाइन येऊन गेलं होतं, म्हणजे तेच लाकडी फ्रेमवालं डिझाइन पाच वर्षांत दोनदा आलं. आणि १९८७ चं लाकूड तरी कुठे ओरिजिनल, ते १९६२ च्या लाकडी बॉर्डरवरूनच घेतलेलं! याशिवाय आर्काइव्ज नावाचा सेट आहे, त्यात एकाच वर्षी तीन-चार जुनी डिझाइनं एकत्र असतात आणि त्यात जुने निवृत्त खेळाडूपण घालतात. खरा घोळ होतो तो इथे. आजचा ॲरन जज १९७० च्या डिझाइनवर दिसला तर कुणीही ओळखेल की हे नवीन आहे, पण नोलन रायन जुन्या डिझाइनवर दिसला की नवशिक्याला वाटतं घबाड सापडलं.

तेव्हा उलटं करा. मागच्या बाजूला अगदी तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कॉपीराइटची ओळ असते, त्यात खरं वर्ष मिळतं. डिझाइन १९७५ चं आणि ओळीत २०२४ असेल तर विषय संपला. कार्ड नंबरसुद्धा बोलतो, मेन सेटच्या कार्डाला नुसता आकडा असतो, जुन्या डिझाइनच्या इन्सर्टला पुढे काहीतरी जोडलेलं असतं, म्हणजे २०२० च्या इन्सर्टला ८५ आणि मग डॅश, २०२२ च्या इन्सर्टला टी८७ आणि मग डॅश. पुढच्या बाजूला आरसी असा रुकीचा छोटा लोगो असेल तर ते कार्ड २००६ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण तो लोगोच २००६ मध्ये सुरू झाला. फक्त एक लक्षात ठेवा, मागे छापलेले आकडे म्हणजे स्टॅट्स आदल्या सीझनपर्यंतचे असतात, त्यामुळे शेवटची ओळ २०१७ ची असेल तर कार्ड बहुतेक २०१८ चं. कॉपीराइटची ओळ झिजलेली असली की हा उपाय कामाला येतो.

आणि असं समजू नका की ही उसनवारी आत्ताची आहे. १९५४, ५५ आणि ५६ च्या टॉप्समध्ये कित्येक खेळाडूंचा चेहऱ्याचा फोटो तोच आहे, नुसतं मागचं रंगकाम आणि मांडणी बदललेली. १९५६ च्या हँक ॲरनच्या कार्डावर तर बाजूला घसरत होमप्लेटला येणारा जो छोटा माणूस आहे तो ॲरन नाहीच, तो विली मेज आहे, त्याच्यावर ॲरनची टोपी रंगवली. आजच्या भाषेत सांगायचं तर फोटोशॉप, ब्रशने केलेलं.

आता रीप्रिंट. हे डिझाइन उसनं घेणं नाही, हे अख्खं जुनं कार्डच परत छापणं, आणि यात पैसे बुडण्याचा धोका सगळ्यात जास्त. टॉप्सने स्वतःच १९८३ मध्ये १९५२ चा सेट परत छापला, ४०७ मधली ४०२ कार्डं, कारण पाच खेळाडूंशी जमलं नाही. हा रीप्रिंट ओळखायला मोजपट्टी पुरते. मूळ १९५२ चं कार्ड २ ५/८ बाय ३ ३/४ इंच, म्हणजे साधारण ६७ बाय ९५ मिलिमीटर, आणि १९८३ वालं आजच्या नेहमीच्या मापाचं, २ १/२ बाय ३ १/२ इंच, म्हणजे ६४ बाय ८९. हे नेहमीचं माप १९५७ पासून आलं, त्यामुळे १९५२ ते ५६ च्या टॉप्सचं कार्ड नेहमीच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पाकिटात, आरामात बसलं तर शंका घ्या. २०१० ला आणखी एक उपद्व्याप झाला. "आईने टाकून दिलेली कार्डं" अशा अर्थाच्या नावाची एक इन्सर्ट मालिका होती, जुन्या कार्डांचे रीप्रिंट, मागे नवीन मजकूर आणि सीएमटी असा नंबर. पण त्याचीच एक दुर्मिळ आवृत्ती अशी काढली की मागची बाजूपण जुनीच. म्हणजे उलटं करून बघितलं तरी नव्या माणसाची फसगत होणार. तिथे मग कागद आणि छपाई बघावी लागते.

त्यासाठी एक भिंग घ्या, ज्याला इथे लूप म्हणतात, दहा पट किंवा तीस पट मोठं दाखवणारं, दहा-पंधरा डॉलरमध्ये येतं, आणि बल्बवालं असेल तर अजून चांगलं. बघायचं काय? खेळाडूचं नाव आणि बॉर्डरची काळी रेघ. जुन्या छपाईत फोटो ठिपक्या-ठिपक्यांचा असतो पण अक्षरं आणि रेघा सलग काळ्या शाईच्या, कडा धारदार. कुणी मूळ कार्डाचा स्कॅन काढून नकली छापलं असेल तर अक्षरंसुद्धा लाल-निळ्या-पिवळ्या ठिपक्यांनी बनलेली दिसतात. एकदा डोळ्याने हा फरक बघितलात की मग विसरत नाही. पण तुलनेला खरं कार्ड हवं, म्हणून मी म्हणते की ज्या सेटमध्ये महागडं घ्यायचंय त्यातलं एखादं कुणीच विचारत नाही असं कॉमन कार्ड आधी घ्या, १९६०-७० च्या दशकातली अशी कार्डं कोपरे गेलेली असली तर एक-दोन डॉलरला मिळतात. कागदाचा रंग, जाडी, वास, मागच्या शाईची छटा सगळं त्यावरून कळतं. काळा लाइट म्हणजे यूव्ही टॉर्चपण उपयोगी आहे, फार जुन्या कागदात ते चमक आणणारं केमिकल नसायचं, त्यामुळे गाउडी या जुन्या कंपनीचं १९३३ चं कार्ड म्हणून कुणी दाखवलं आणि ते टॉर्चखाली ट्यूबलाइटसारखं लखलखलं तर नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे जायचं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, त्याच वर्षी त्याच डिझाइनची निघालेली जुळी कार्डं. यात कोणी नकली नाही, सगळीच खरी, पण घरं वेगवेगळी.

पहिलं जुळं कॅनडाचं. लंडन, ओंटारिओमधली ओ-पी-ची नावाची कंपनी टॉप्सचीच डिझाइनं घेऊन कार्डं काढायची. पुढून बघाल तर तेच, मागे फ्रेंच आणि इंग्लिश दोन्ही भाषा. अगोदरच्या काही वर्षांत फ्रेंच नसायचं, तिथे कॅनडात छापल्याची छोटी ओळ शोधायची. कडा बघा, ओ-पी-चीच्या बऱ्याच कार्डांच्या कडा कुरतडल्यासारख्या असतात, तो त्यांच्या कटाईचा गुण आहे, त्याला खराब कार्ड म्हणायचं नाही. सेट छोटा असला की नंबरही बदलतो: १९७९ चं ओझी स्मिथचं रुकी कार्ड टॉप्समध्ये ११६ आणि ओ-पी-चीमध्ये ५२. व्हेनेझुएलातपण साठच्या दशकात टॉप्सची कार्डं निघाली, १९६८ च्या कार्डांवर मागे तळाला व्हेनेझुएलात बनवल्याचं स्पॅनिशमध्ये लिहिलेलं असतं. आणि त्याच १९६८ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीच्या एका खेळाच्या डब्यात टॉप्सची कार्डं घातली होती, त्यांच्या मागच्या बाजूचा पिवळा जास्त उजळ. नोलन रायनचं १७७ नंबरचं रुकी, जेरी कूझमनबरोबरचं, या चारही घरांत सापडतं. टॉप्स, ओ-पी-ची, व्हेनेझुएला, मिल्टन ब्रॅडली. चारही शेजारी ठेवले आणि फक्त पुढून फोटो काढला तर चांगले जाणकारसुद्धा थांबून बघतील.

दुसरं जुळं १९७५ चं मिनी. टॉप्सने त्या वर्षीचा अख्खा ६६० कार्डांचा सेट छोट्या मापात पण काढून बघितला, २ १/४ बाय ३ १/८ इंच, आणि तो फक्त काही भागात विकला, मुख्यतः मिशिगन आणि कॅलिफोर्नियाकडे. जॉर्ज ब्रेट आणि रॉबिन यौंट दोघांचे रुकी यात आहेत. ऑनलाइन फोटोत माप कळत नाही म्हणून शीर्षकात मिनी लिहिलंय का आणि फोटोत काही तुलनेला ठेवलंय का बघा, नसेल तर विचारा. उलटंही होतं, कुणीतरी साधं कार्ड मिनी म्हणून टाकतं.

तिसरं टिफनी. १९८४ ते १९९१ टॉप्सने आपल्या सेटची एक भारी आवृत्ती डीलर लोकांसाठी काढली, तेच फोटो, तेच नंबर, पण कागद पांढरा आणि पुढे ग्लॉस. हॉबीत तिला टिफनी म्हणतात. कार्डावर टिफनी असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि गंमत तीच आहे. १९८७ चं बॅरी बॉन्ड्स, नंबर ३२०, घ्या. साधं कार्ड उलटं केलं तर मागचा पुठ्ठा खाकी-करड्या रंगाचा, शाई त्यात मुरलेली, एकूण मळकट. टिफनीची पाठ पांढरीशुभ्र, त्यामुळे त्यावरचे निळे-पिवळे रंग अंगावर येतात. कडेने बघा, साध्या कार्डाचा गाभा तपकिरी दिसतो, टिफनीचा पांढरा. पुढून दोन्ही बाजूबाजूला धरून खिडकीकडे तिरके केले तर टिफनीवर उजेडाचा सलग पट्टा सरकतो, साध्यावर तो विखुरतो. पण पुढची बाजू शेवटी बघायची, कारण काही वर्षांचं साधं कार्डही बऱ्यापैकी चमकतं आणि स्लीव्हमध्ये असेल तर स्लीव्हच चमकते. संख्या म्हणाल तर १९८५ च्या टिफनीचे साधारण ५,००० सेट धरतात, १९८७ चे ३०,०००, त्यामुळे टिफनी आहे म्हणजे सोनं असं सरसकट नाही, वर्ष बघावं लागतं.

आता चुका. इथे नवीन लोक सगळ्यात जास्त वाहवत जातात, कार्डावर काहीतरी चुकीचं दिसलं की एरर एरर करत हजार डॉलर किंमत लावतात. नियम साधा आहे. चूक झाली, कंपनीच्या लक्षात आली आणि मध्येच सुधारून छापली, तर दोन प्रकार तयार होतात आणि कमी संख्येचा प्रकार महाग होतो. चूक सुधारलीच नाही तर सगळी कार्डं सारखीच चुकीची, मग वेगळी किंमत कशाची? १९५७ च्या हँक ॲरनचा निगेटिव्ह उलटा छापला गेला आणि उजव्या हाताचा बॅटर डावखुरा दिसतो, पण ते कधी सुधारलं नाही. १९६९ च्या ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर तर त्याचा फोटोच नाही, टीमच्या बॅटबॉयचा आहे, तेही तसंच राहिलं. सांगायला मजा, किंमतीत फरक शून्य. चेकलिस्टमध्ये, म्हणजे सेटमधल्या सगळ्या कार्डांच्या यादीत, अशांना यूईआर लिहितात, म्हणजे न सुधारलेली चूक, ईआरआर म्हणजे सुधारलेल्या चुकीचं पहिलं रूप आणि व्हीएआर म्हणजे व्हेरिएशन. ही तीन पाठ झाली तर अर्धी भांडणं मिटतात.

सुधारलेल्या चुकांमध्ये सगळ्यात बदनाम म्हणजे फ्लीअर या दुसऱ्या कंपनीचं १९८९ चं बिली रिपकेन, नंबर ६१६. बॅटच्या बुडावर शिवी लिहिलेली आणि ती जशीच्या तशी छापून बाजारात गेली. मग फ्लीअरने ती झाकायला जे जे सुचेल ते केलं, काळा चौकोन, काळं गिरगटवणं, पांढरं गिरगटवणं, पांढरा डाग. त्यामुळे एकाच कार्डाचे अर्धा डझन प्रकार झाले. काळ्या चौकोनवालं ढिगाने मिळतं, पांढऱ्या डागवालं खरोखर कमी. म्हणून ते घेताना तो पांढरा भाग भिंगातून बघायचाच, आजूबाजूच्या चकाकीशी तो एकसंध हवा, खरवडलेला किंवा वरून काही लावलेला दिसला तर ठेवून द्या. १९९० टॉप्सचं फ्रँक थॉमस, ४१४, हे दुसरं, पुढे नावच नाही. छपाईत काळी शाई तेवढ्या भागात बसली नाही. खऱ्या कार्डात नावाबरोबर जवळच्या बारीक काळ्या रेघाही तुटलेल्या असतात, आणि छपाईच्या त्याच मोठ्या शीटवरच्या शेजारच्या खेळाडूंच्या कार्डांवरही शाई अशीच गायब झालेली सापडते. कुणी फक्त नाव खोडलं तर रेघा शाबूत राहतात, तिथे पकडला जातो.

पाठ का बघायची त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण १९५२ मध्येच आहे. जो पेज ४८ आणि जॉनी सेन ४९, दोघांचे पुढचे फोटो बरोबर, पण काही कार्डांवर एकमेकांची माहिती मागे छापली गेली. पुढून शंभर वेळा बघा, काही कळणार नाही. पहिल्या ८० कार्डांची पाठ काही लाल शाईत तर काही काळ्या शाईत आहे, तेही पुढून कळत नाही. आणि ते ३११ नंबरचं मँटल, ते शीटवर दोनदा होतं म्हणून त्याचेही दोन प्रकार, मागे नंबरभोवती जो बॉल काढलाय त्याच्या शिलाईचे टाके एकात एका दिशेला आणि दुसऱ्यात विरुद्ध दिशेला. एवढं महाग कार्ड आणि फरक टाक्यांचा!

काही व्हेरिएशन पुढेच असतात, ती सोपी. १९५८ मध्ये काही कार्डांवर नाव किंवा टीम पांढऱ्याऐवजी पिवळ्यात आहे. १९६९ मध्ये काही खेळाडूंचं नाव पिवळ्याऐवजी पांढऱ्यात, त्यात मँटलचं शेवटचं कार्ड, नंबर ५००, पण आहे. १९६२ च्या दुसऱ्या सिरीजमध्ये हिरवट झाक असलेला एक वेगळा प्रिंट आहे. १९७९ मध्ये बंप विल्सच्या कार्डावर आधी ब्लू जेज आणि मग सुधारून रेंजर्स. १९७४ चा किस्सा वेगळा, सॅन डिएगो पाद्रेस टीम वॉशिंग्टनला जाणार असं पक्कं वाटल्यामुळे टॉप्सने १५ कार्डांवर वॉशिंग्टन छापून टाकलं, टीम गेलीच नाही आणि मग परत सॅन डिएगो छापलं. विली मॅकोव्ही दोन्हीत मिळतो. पण डेव्ह विनफिल्डचं रुकी, नंबर ४५६, त्याच सेटमधलं, फक्त सॅन डिएगोमध्येच आहे, वॉशिंग्टनवालं निघालंच नाही. कुणी विकायला काढलं तर तुम्हाला उत्तर माहिती आहे.

नवीन कार्डांचा खेळ उलटा आहे. पूर्वी चुकून व्हायचं ते आता कंपनी मुद्दाम करते. मेन सेटमध्ये त्याच नंबरचं, त्याच बॉर्डरचं पण वेगळा फोटो असलेलं कार्ड गुपचूप घालतात, शॉर्ट प्रिंट म्हणून. पॅक फोडताना तुमच्या लक्षातही येणार नाही कारण मूळ फोटो कसा आहे हे कुणाला पाठ असतं? इथे पुन्हा मागचा तळ. कॉपीराइटच्या बारीक मजकुराच्या शेवटी एक कोड असतो, साध्या कार्डांचे शेवटचे दोन-तीन आकडे एक, शॉर्ट प्रिंटचे दुसरे. त्यामुळे एका बॉक्समधली सगळी साधी कार्डं ओळीने उलटी लावा आणि फक्त शेवटचे आकडे वाचत जा, जे वेगळं निघेल ते बाजूला काढा. दोनशे-तीनशे कार्डं अर्ध्या तासात होतात, चष्मा असेल तर चष्मा काढून, नाहीतर फोनचा कॅमेरा झूम करून. सेट बाजारात आला की कुठला कोड कशाचा हे जमवणारे लोक दोन दिवसांत शोधून काढतात. काही वेळा तर फोटोपण तोच आणि फरक फक्त मागच्या आकडेवारीत असतो, २०१४ मध्ये नेहमीच्या स्टॅट्सऐवजी सेबरमेट्रिक्सवाले, म्हणजे नव्या पद्धतीच्या खोलातल्या आकडेमोडीचे, स्टॅट्स टाकून असंच व्हेरिएशन काढलं होतं. हेरिटेजमध्ये शॉर्ट प्रिंट सेटच्या शेवटच्या नंबरांत असतात, त्यामुळे सेट पूर्ण करणाऱ्यांचे शेवटचे पंच्याहत्तर-शंभर नंबर कायम राहतात, आणि ते पॅकमधून जमवण्यापेक्षा एकेक विकत घेतलेले परवडतात, असं माझं स्पष्ट मत.

क्रोमचं वेगळं. तिथे साधं कार्डही आरशासारखं चमकतं आणि रिफ्रॅक्टर त्याहून जास्त. फोनचा टॉर्च लावून कार्ड हळूहळू तिरकं करा, साध्यावर नुसती पांढरी चकाकी फिरते, रिफ्रॅक्टरवर इंद्रधनुष्याचे रंग सरकतात. शंका राहिली तर मागे नंबरजवळ बारीक अक्षरांत रिफ्रॅक्टर असं लिहिलेलं असतं. पण १९९३ च्या फायनेस्ट सेटमध्ये, जिथे हा प्रकार पहिल्यांदा आला, तिथे ते लिहिलेलं नाही, त्यामुळे डोळ्यावरच विसंबावं लागतं, आणि प्रत्येक खेळाडूच्या २४१ प्रती असल्याचं हॉबीत मानतात म्हणून डोळे नीट उघडे ठेवा. रंगीत पॅरलल, म्हणजे त्याच कार्डाच्या वेगळ्या रंगातल्या आवृत्त्या, सोपे, त्यातल्या बऱ्याच कार्डांवर कुठेतरी ०१२/०५० असा नंबर ठोकलेला असतो. गोल्ड पॅरललचा एक मजेशीर नियम आहे, २००१ पासून त्याची संख्या वर्षाएवढी असते, म्हणजे २०११ च्या माइक ट्राउटच्या अपडेट रुकीच्या, यूएस१७५ च्या, गोल्ड प्रती २०११. टॉप्सच्याच बोमन नावाच्या सेटमध्ये कागदी आणि क्रोम दोन्हीवर तोच फोटो असतो, तिथे प्रॉस्पेक्टच्या, म्हणजे अजून वर न आलेल्या होतकरू खेळाडूच्या, नंबरपुढचे बीपी आणि बीसीपी बघायचे.

एवढं सगळं वाचून सगळं जमवायचा मोह होईल, तो आवरा. पाकीट आणि कपाट दोन्ही संपतील. सुरुवातीला एक धागा धरा. एकतर एका खेळाडूचं एक कार्ड आणि त्याची सगळी भावंडं, ज्याला इथे रेनबो म्हणतात. नाहीतर एक डिझाइन आणि ते जिथे जिथे परत आलं ते सगळं. मी स्वतः १९७५ चं दोन रंगी बॉर्डरवालं डिझाइन धरलंय, मूळ टॉप्स, मिनी, ओ-पी-ची, आणि मग २०२४ चं हेरिटेज, शिवाय आर्काइव्जमध्ये अधूनमधून आलेली. एका पानावर नऊ खिसे असतात, एकाच खेळाडूची किंवा एकाच टीमची पन्नास वर्षांच्या अंतराची कार्डं शेजारी लावली की काय बदललं आणि काय नाही ते लगेच दिसतं. मिनी मात्र नेहमीच्या खिशात खुळखुळतं, त्याला आधी त्याच्या मापाची स्लीव्ह घाला. १९५२-५६ ची मोठी कार्डं नेहमीच्या खिशात कोंबू नका, कोपरे जातात, त्यांच्यासाठी वेगळी पानं मिळतात.

नोंद ठेवायला साधी एक्सेल पुरते. पण कॉलम नीट करा: छापल्याचं खरं वर्ष वेगळं आणि डिझाइनचं वर्ष वेगळं, मग सेट, नंबर, प्रकार, मागचा कोड, आणि "कशावरून ओळखलं" असा एक कॉलम. हा शेवटचा कॉलम लोक गाळतात आणि मग दोन वर्षांनी विकायच्या वेळी आपण हे टिफनी का म्हटलं होतं ते आठवत नाही. चेकलिस्टसाठी ट्रेडिंग कार्ड डेटाबेस ही साइट फुकट आहे आणि तिथे व्हेरिएशन वेगळी टाकलेली असतात. तिथे ८०-९० च्या दशकातल्या टॉप्सच्या मागे ए, बी, सी असं अक्षर आणि चांदणी असते त्याबद्दल पण वाद दिसतील, ती शीटची खूण आहे, कुणाला जमवायची हौस असेल तर जमवा, मी त्यात पडत नाही.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याने मागच्या बाजूचा फोटो टाकला नसेल तर मागायचा, सरळ आणि नम्रपणे, "तळाच्या मजकुराचा क्लोजअप पाठवाल का" असं. चांगले विक्रेते त्याच दिवशी पाठवतात. मला एकदा एकाने कळवलं की मागे बघण्यासारखं काही नाही, तिथेच तो व्यवहार संपला. किंमत बघताना मागितलेली किंमत बघू नका, विकल्या गेलेल्या कार्डांची बघा, आणि ती नेमक्या त्याच प्रकाराची आहे ना ते फोटोवरून तपासा, कारण शीर्षकात लोक वाट्टेल ते शब्द घालतात. प्लास्टिकच्या डबीत सीलबंद, ग्रेड दिलेलं कार्ड असेल तरी लेबलवर विश्वास टाकून मोकळं व्हायचं नाही. ग्रेडिंगवाले दर्जा तपासतात, प्रत्येक बारीक व्हेरिएशन लेबलवर लिहितातच असं नाही. याचा फायदाही होतो, कारण लेबलवर साधं लिहिलेलं पण मागून बघितलं तर वेगळं निघालेलं कार्ड साध्याच्या भावात मिळून जातं.

भारतात मागवणार असाल तर एकेक दोन-पाच डॉलरचं कार्ड मागवण्यात अर्थ नाही, पोस्टेज आणि कस्टम कार्डापेक्षा महाग पडेल. इथल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर वर्षभर जमवा आणि कुणी दिवाळीला येणार असेल त्याच्या हँडबॅगेत द्या, चेक-इन बॅगेत नको. स्लीव्ह, मग टॉपलोडर म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट, वर कागदी टेप, आणि टेपचं टोक दुमडून ठेवायला सांगा, नाहीतर उघडताना ब्लेड लागतं आणि ब्लेडचं काम म्हणजे कोपऱ्याची वाट.